पार्श्वभूमी : मेंढ्यांचे जंत आणि ‘निर्मूलन’ या शब्दाचा घोळ

ज्येष्ठ सरत आला की इंदूरच्या आसपासच्या मेंढपाळांत दर वर्षी तोच वाद निघतो. पावसाआधी अख्ख्या रेवडाला जंताचं औषध पाजायचं, की निवडक मेंढ्यांनाच?

फार जुनी कहाणी थोडक्यात उरकते. मोरचूद आणि तंबाखूचा अर्क पाजून भागवत. १९४०च्या सुमारास फिनोथायझिन हे औषध आलं. त्यानं मेंढीची लघवी लाल व्हायची, लोकरीला डाग पडायचे. खरा पालट झाला तो १९६१ मध्ये, थायाबेंडाझोलनं. एक डोस दिला की जंत साफ. पण तीनच वर्षांत, १९६४ मध्ये, त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं, २०१५ मध्ये त्या शोधाला नोबेलही मिळालं. मेंढ्यांतले जंत मात्र त्यालाही सरावले होते.

घोळ शब्दापासून सुरू होतो. इथल्या हिंदी फलकांवर ‘कृमिनाशन’ असतं, आपण मराठीत ‘जंतनिर्मूलन’ म्हणतो. दोन्ही शब्द मुळासकट उपटण्याचं वचन देतात, आणि ते पाळणं शक्यच नाही. हिमॉन्कस हा रक्त पिणारा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो. त्याची एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. श्रावणातल्या ओल्या उबेत आठवड्याभरात अळ्या तयार होऊन दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. तेव्हा बहुतेक जंत मेंढीत नसतात, कुरणात असतात. औषध तिथवर पोचत नाही.

वैशाख-ज्येष्ठात हे उलटं होतं. माळव्याच्या उन्हात गवतावरच्या अळ्या करपून मरतात. जंत उरतात ते मेंढीच्या पोटात. म्हणूनच पावसाआधी सरसकट औषध द्यायचा सल्ला रूढ झाला. मेंढी स्वच्छ पोटानं हिरव्या चाऱ्यावर जाते, कोकरं वाचतात. यात तथ्य आहे, आणि या सल्ल्यानं बरीच वर्षं निभावलंही. पण औषधाला पुरून उरलेल्या चार जंतांचीच पिल्लावळ मग सगळ्या कुरणावर पसरते. औषधाला बळी पडणारे साधे जंत मिसळायला कुरणात कोणी उरलेलेच नसतात. माझ्या मते आज औषधाच्या बाटल्या निकामी ठरतात, त्याचं मोठं कारण हेच आहे. अंदाजानं वजन धरून कमी डोस पाजल्यानं त्यात भरच पडते.

दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात यावर वेगळा मार्ग निघाला. मेंढीची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग पाच छटांच्या कार्डाशी ताडायचा. लालबुंद असेल तर सोडून द्यायची, फिकी-पांढरी असेल तर औषध. कळपातले बहुसंख्य जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात, हा त्यामागचा आधार.

गेल्या भाद्रपदात सिमरोलच्या वाटेवर बसलेल्या एका डेऱ्यात मी हे करून पाहिलं. ज्या मेंढीची पापणी कागदासारखी निघाली, तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरलेली मऊ सूज लोंबत होती. म्हातारे मेंढपाळ म्हणाले, “सकाळी कमी असते, चरून आली की वाढते.” कार्ड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण औषधाची मेंढी त्यांनी आधीच बाजूला बांधली होती.

पापणी फक्त रक्तक्षय दाखवते. नुसती हगवण लावणारे जंत तिच्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी लेंड्यांतली अंडी मोजावीच लागतात.