कॅश क्लिअर करणे (लाराव्हेल)

टेलर ओटवेल यांनी २०११ मध्ये आणलेल्या लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये वेगासाठी साठवून ठेवलेला मजकूर पुसणे, म्हणजे तो पुढच्या वेळी नव्याने तयार होतो. हे काम आर्टिसन या कमांड लाइन साधनाने करतात. ‘कॅश उडव’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात लाराव्हेलमध्ये कॅश म्हणवणाऱ्या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बराचसा घोळ तिथेच होतो.

पहिली म्हणजे फ्रेमवर्कने स्वतःसाठी आधीच तयार केलेल्या फाइली. ‘कॉन्फिग:कॅश’ ही कमांड सगळी सेटिंग्ज एकत्र करून बूटस्ट्रॅप फोल्डरातील कॅश फोल्डरात एकच फाइल ठेवते. ती असेपर्यंत डॉट-एन्व्ह, म्हणजे पासवर्डसारखी सेटिंग्ज लिहून ठेवायची फाइल, वाचलीच जात नाही. त्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड तिथे बदलला, सेव्ह केला, तरी साइट जुन्याच पासवर्डने जोडायला जाते. अशा वेळी ‘कॅश:क्लिअर’ कितीही वेळा चालवली तरी फरक पडत नाही. लागते ती ‘कॉन्फिग:क्लिअर’. लाइव्ह सर्व्हरवर मात्र ‘कॉन्फिग:कॅश’च पुन्हा चालवणे बरे, कारण ती जुनी फाइल काढून नवी बनवते. राउटचेही, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालवायचा त्या यादीचेही, तसेच. ब्लेड टेम्पलेटची (पानांच्या साच्यांची) तयार पीएचपी रूपे स्टोरेज फोल्डरात असतात. मूळ फाइल बदलल्याची वेळ पाहून ती आपोआप नवी होतात, म्हणून ‘व्ह्यू:क्लिअर’ची गरज क्वचित पडते, जुन्या तारखा कायम ठेवून फाइली सर्व्हरवर चढवल्या, तर पडते.

दुसरी म्हणजे ॲप्लिकेशनने साठवलेला डेटा: जड क्वेरींचे निकाल, बाहेरच्या एपीआयची उत्तरे वगैरे. तो फाइलींत, डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्यात असतो. ११व्या आवृत्तीपासून नव्या प्रोजेक्टात मुळात डेटाबेसच ठरवलेला असतो. ‘कॅश:क्लिअर’ पुसते ती ही. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. रेडिसवर ही कमांड प्रीफिक्स (नोंद कोणत्या ॲपची हे सांगणारे नावाआधीचे अक्षरसमूह) पाहत नाही, त्या डेटाबेसमधले सगळेच पुसून टाकते. त्याच डेटाबेसात शेजारच्या ॲपचा डेटा असेल तर तोही जातो, आणि सेशन (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) असतील तर लॉगिन केलेले सगळे वापरकर्ते बाहेर फेकले जातात. एकच नोंद काढायची असेल तर ‘कॅश:फरगेट’ला तिची की, म्हणजे नोंदीचे नाव, द्यावी.

‘ऑप्टिमाइझ:क्लिअर’ या दोन्हींवर एकदम झाडू फिरवते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ती सोयीची. गर्दीच्या वेळी लाइव्ह साइटवर चालवली की सगळ्या क्वेरी एकाच वेळी डेटाबेसवर कोसळतात.

फाइल कॅश वेब सर्व्हरच्या यूजरने लिहिलेली आणि कमांड दुसऱ्याच यूजरने चालवलेली, तर परवानगीअभावी ती अडते. क्यू वर्कर, म्हणजे मागे रांगेतली कामे करत राहणाऱ्या प्रक्रिया, जुना कोड मेमरीत धरून बसतात. त्यांना ‘क्यू:रीस्टार्ट’ लागते, आणि गंमत म्हणजे तिचा निरोपही कॅशमधूनच पोहोचतो. ब्राउझर आणि सीडीएनची (जगभरच्या सर्व्हरवरून फाइली पुरवणाऱ्या सेवेची) कॅश आर्टिसनच्या हाताबाहेर आहे. पीएचपीची ओपीकॅश (तयार केलेला कोड मेमरीत ठेवणारी) हीही तशीच: कमांड लाइनची वेगळी, एफपीएमची (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) वेगळी, म्हणून तिच्यासाठी एफपीएम रीलोड करावे लागते.