ब्रायन ओ'कॉनर: ओमाहाच्या पलीकडच्या काठावरचा पिचर

जून २०२५ मध्ये मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीने ब्रायन ओ'कॉनरला हेड कोच म्हणून घेतलं तेव्हा कॉलेज बेसबॉल बघणाऱ्या बऱ्याच लोकांना धक्काच बसला, कारण व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत २२ सीझन काढलेला माणूस तिथूनच रिटायर होणार असं सगळे धरून चालले होते. हा माणूस एवढा मोठा का मानला जातो ते समजायला ओमाहापासून सुरुवात करावी लागते.

ओमाहा हे नेब्रास्कातलं शहर. १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा, इथेच होते, शेवटच्या ८ टीम इथे येतात, आणि कॉलेजच्या प्रत्येक पोराला एकदा तरी जूनमध्ये इथे खेळायचं असतं. शहराला लागून मिसुरी नदी, पलीकडच्या काठावर आयोवातलं काउन्सिल ब्लफ्स, ओ'कॉनर तिथला. पुढे तो ओमाहातल्याच क्रेटन युनिव्हर्सिटीत पिचर (क्रिकेटमधल्या बोलरसारखा) झाला आणि १९९१ ला क्रेटनची टीम कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचली, यजमान शहराची टीम पहिल्यांदाच. रोझेनब्लॅट स्टेडियम अख्खं आपल्या पोरांच्या मागे उभं, आणि विचिटा स्टेटविरुद्ध नेहमीच्या ९ ऐवजी १२ इनिंगपर्यंत खेचलेली मॅच ३-२ ने गेली. क्रेटनचे कोच जिम हेंड्री, जे नंतर शिकागो कब्ज या प्रोफेशनल टीमचे जनरल मॅनेजर झाले.

प्रोफेशनल पिचर म्हणून त्याचं फार काही झालं नाही, फिलाडेल्फिया फिलीज या टीमच्या मायनर लीगमध्ये (खालच्या दर्जाच्या प्रोफेशनल लीगमध्ये) थोडा काळ, बस. मग कोचिंग. नोटर डेम युनिव्हर्सिटीत हेड कोच पॉल मेनिएरीच्या हाताखाली तो असिस्टंट होता, आणि तिथे २००२ ला त्यांनी फ्लोरिडा स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवून ओमाहा गाठलं, नोटर डेमसाठी १९५७ नंतर पहिल्यांदा.

२००३ ला व्हर्जिनियाने त्याला बोलावलं तेव्हा तो ३२ वर्षांचा, हेड कोचचा अनुभव शून्य. आणि तिथली अवस्था? २००१ मध्ये युनिव्हर्सिटीच्याच एका समितीने खर्च कमी करायला बेसबॉलसारख्या खेळांना खालच्या वर्गात टाकायची शिफारस केलेली, आणि तोपर्यंतच्या सगळ्या इतिहासात टीम एनसीएए टूर्नामेंटला (कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, जिच्यातून ओमाहाला जाता येतं) फक्त ३ वेळा गेलेली. ओ'कॉनर आला आणि २००४ ते २०१७ सलग १४ वर्षं टीम टूर्नामेंटमध्ये. मला विचाराल तर ट्रॉफीपेक्षा हे मोठं काम आहे, कारण कॉलेजात पोरं तीन-चार वर्षांत निघून जातात, दर वेळी नव्याने बांधायचं असतं. पुढे मेजर लीगपर्यंत पोचलेले रायन झिमरमन, शॉन डूलिटल, डॅनी हल्टझेन हे सगळे त्याच्याच हाताखाली खेळलेले.

ट्रॉफी मात्र हुलकावणी देत राहिली. २०१४ ला तीन मॅचच्या फायनलची तिसरी, निर्णायक मॅच, आठव्या इनिंगमध्ये व्हँडरबिल्टच्या जॉन नॉरवुडने होम रन मारला आणि ३-२ ने सगळं गेलं.

२०१५ ला पुन्हा फायनल, पुन्हा व्हँडरबिल्ट, आणि पहिली मॅच ५-१ ने हरले. इथे पिचर राहिलेला कोच दिसतो. स्टार्टर पिचर एकदा शंभरेक बॉल टाकला की त्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते, त्यामुळे एवढ्या छोट्या सिरीजमध्ये कुणाला कधी वापरायचं हाच खरा हिशोब. दुसरी मॅच हरली तर खेळ खल्लास, तरी ओ'कॉनरने स्टार्टर ब्रँडन वॅडेलला राखून ठेवलं आणि सुरुवातीला उतरवला अ‍ॅडम हेझली, पहिल्या वर्षाचा पोरगा, जो मुळात आउटफिल्डर, म्हणजे लांब उभा राहणारा फिल्डर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर फायनलला नवा बॉल पार्ट-टाइम बोलरच्या हातात देण्यासारखं. त्याने ५ इनिंग एकही रन दिला नाही, पुढच्या ४ जॉश स्बॉर्झने काढल्या, ३-० ने जिंकले. तिसऱ्या मॅचला वॅडेल ताजा होता, त्याने ७ इनिंग टाकल्या, आणि शेवटच्या दोन नेथन कर्बीने, जो एप्रिलमध्ये दुखापत होऊन कित्येक आठवडे बाहेर बसलेला. ४-२. व्हर्जिनियाची पहिली ट्रॉफी, आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची (व्हर्जिनिया ज्या कॉलेजांच्या गटात खेळते तो) १९५५ च्या वेक फॉरेस्टनंतर पहिली, तीही त्याच्या घरापासून नदी ओलांडली की येणाऱ्या शहरात! स्बॉर्झ स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२३ ला टेक्सास रेंजर्सने प्रोफेशनल बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा आउटही त्यानेच काढला.

नंतर २०१८ आणि २०१९ कोरडे गेले, पण २०२१, २०२३, २०२४ ला पुन्हा ओमाहा, म्हणजे एकूण ७ वेळा. २०२५ ला टीम टूर्नामेंटला मुकली. तिकडे २०२१ चे चॅम्पियन मिसिसिपी स्टेटने सीझन चालू असतानाच आपला कोच काढला होता. त्यांच्या स्टार्कव्हिलच्या मैदानावर कॉलेजच्या मॅचला पंधरा-सोळा हजार लोक येतात, व्हर्जिनियाच्या पार्कात त्याच्या निम्मेही मावत नाहीत. ५४ व्या वर्षी ओ'कॉनरने ते मैदान निवडलं.