खंडग्रास सूर्यग्रहण आणि सारोस चक्र

चंद्राच्या गडद छायेबाहेरच्या विरळ उपच्छायेत आपण असलो की सूर्यबिंबाचा काही भागच झाकलेला दिसतो. हे खंडग्रास ग्रहण. खग्रासाचा पट्टा अरुंद असल्याने कोणत्याही एका गावाच्या वाट्याला बहुधा हेच येते. 22 जुलै 2009 रोजी तो पट्टा सुरत, इंदूर, भोपाळवरून गेला आणि नागपूर त्याच्या दक्षिणेला राहिले. त्या सकाळी इथला सूर्य ग्रस्तोदित होता, म्हणजे ग्रासलेलाच उगवला. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, तो ग्रासलेलाच मावळला; हा ग्रस्तास्त.

सूर्य पुरेसा वर असेल तर कडुनिंबाखाली बघावे. एरवी गोल पडणारे कवडसे कोरीसारखे होतात, सगळ्यांची टोके एकाच दिशेला. स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरली तरी हेच दिसते. सूर्याकडे थेट बघायचे तर ग्रहणाचा खास चष्माच हवा. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच डोळे वाचवत नाही.

चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्याने दर अमावास्येला ग्रहण होत नाही. अमावास्या राहू किंवा केतू या पातबिंदूंजवळ, म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते तिथे, यावी लागते. 223 चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे 18 वर्षे 11 दिवस 8 तासांनी, सूर्य, चंद्र आणि पातबिंदू जवळपास पूर्वीच्याच स्थितीत येतात. हे सारोस चक्र बॅबिलोनी ज्योतिषांना ठाऊक होते. खरी गंमत त्या 8 तासांत आहे. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचे ग्रहण सुमारे 120 अंश पश्चिमेला सरकते. 2009 च्या ग्रहणाचे आधीचे भावंड 11 जुलै 1991 चे. ते हवाई, मेक्सिकोत खग्रास दिसले.

एकेका सारोसाच्या अंतराने येणाऱ्या अशा ग्रहणांची एक मालिका बनते, आणि प्रत्येक मालिकेला वय असते. ती एका ध्रुवाजवळ खंडग्रासाने सुरू होते आणि बाराशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या ध्रुवाजवळ खंडग्रासानेच संपते. 2022 च्या ग्रहणाची मालिका अशीच उतारवयाला लागली आहे. 2004 पासून तिच्यात फक्त खंडग्रासच उरली, आणि 4 नोव्हेंबर 2040 चे पुढचे ग्रहण उत्तर अमेरिकेच्या वाट्याचे आहे.

2009 ची मालिका मात्र भरात आहे. तिचे पुढचे ग्रहण 2 ऑगस्ट 2027 रोजी दक्षिण स्पेन आणि इजिप्तमधल्या लक्झरला खग्रास दिसेल. नागपुरात ते दुपार कलल्यावर खंडग्रास असेल: एकाच मालिकेतली एक सकाळ आणि एक संध्याकाळ, अठरा वर्षांच्या अंतराने. फुटाळा तलावावर सूर्यास्त बघायला नागपूरकर एरवीही जातातच. ऑगस्टच्या ढगांनी तेवढी वाट द्यायला हवी.