टायर गोटा व्हायच्या आत आणा

साखर कारखान्यांचं गाळप सुरू व्हायला महिना उरला की आमच्या टायर रिमोल्डिंगच्या दुकानाच्या दारात ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या टायरची चळत लागते आणि दरवर्षीचा वादही सुरू होतो. "बाहेरून तर चांगला दिसतोय, मग परत का पाठवला?"

रिमोल्डिंगमध्ये आम्ही नवा चढवतो तो फक्त रस्त्याला लागणारा थर. खालचा सांगाडा, म्हणजे केसिंग, तुमचंच राहतं, आणि टायरचा बहुतेक माल त्यातच असतो. नक्षी संपल्यावरही गाडी पळवली की तारांवर रबराचा पापुद्रा तेवढा उरतो. खडीचा एक काप लागला की तिथून पाणी शिरतं, तारा गंजतात, रबर तारेला सोडतं. बाहेरून भोक वाटाण्याएवढं, पण बफिंगला (जुनं रबर घासून काढायला) लावल्यावर आत तळहाताएवढा लाल गंज निघतो. असा टायर आम्ही करत नाही, दुप्पट पैसे दिले तरी. आमचा वेळ वाया जातो, तुमचा हेलपाटा होतो आणि सांगाडा भंगारात.

म्हणून ट्रकची नक्षी ३ ते ४ मिलिमीटर उरली की टायर उतरवा. खाचेत कंपनीने दिलेला बारीक उंचवटा असतो. रबर त्याच्या बरोबरीला आलं की उशीर झालाच समजा. "अजून दोन खेपा निघतील" म्हणून काढलेल्या त्या दोन खेपा सगळ्यात महाग पडतात.

हवेचंही तसंच. जोडचाकातल्या एका टायरची हवा कमी असली की दोन्ही मरतात, एक तापून आणि दुसरा जादा भाराने. हवा टायर गार असताना तपासा. हायवेवर रबराच्या सालपटी दिसल्या की लोक रिमोल्डला शिव्या घालतात. त्यात नव्या टायरच्याही असतात, आणि दोष बहुतेक वेळा कमी हवेचा. तरीही पुढच्या चाकांना रिमोल्ड लावू नका, हे आम्ही स्वतःच सांगतो.

खर्च नव्या टायरच्या निम्म्याहून कमी, आणि वेळेवर आलेल्या रेडियल (आत आडव्या तारा असलेल्या) सांगाड्यावर नवा थर दोनदाही चढतो. एसटी महामंडळ स्वतःच्या गाड्यांचे टायर असेच चालवतं. विमानांच्या टायरवरही नवा थर चढतो. ट्रकच्या नव्या टायरला सुमारे ८३ लिटर खनिज तेल लागतं आणि रिमोल्डला २६ च्या आसपास, असा हिशोब आमच्या धंद्यात धरतात.

नापास टायर गुऱ्हाळाला जाळायला देऊ नका. त्या काळ्या धुराचा त्रास आपल्याच गावाला. आमच्याकडे ठेवलात तर आम्ही ते नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवतो. २०२२ पासून टाकाऊ टायरची जबाबदारी टायर कंपन्यांवरही आली आहे, त्यामुळे रीतसर वाट आता आहे.

आणताना चिखल काढून आणा, बाजूवर खडूने गाडी नंबर लिहा. तपासणीचे पैसे नाहीत. लांबून येणार असाल तर आधी नक्षीचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. फोटोवरून 'हो' नक्की सांगता येत नाही, पण 'नाही' बरेचदा सांगता येतं.