बंदूक लांब पडते तेव्हा: दस्ता आखूड करणं वेगळं आणि नळी आखूड करणं वेगळं

आमच्या कुडाळ-कणकवली पट्ट्यात ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल किंवा एकनळी आहे त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, "माका ही बंदूक लांब पडता रे, थोडी कापून घेऊ काय?" समोरचा पण मान हलवतो, कोणीतरी एखाद्या कारागिराचं नाव सुचवतो, आणि कापायचं नेमकं कुठून हे मात्र कोणीच विचारत नाही. बंदुकीला दोन टोकं असतात, मागून कापलं तर काम वेगळं होतं आणि पुढून कापलं तर एकदम वेगळं, म्हणजे इतकं वेगळं की एकात बंदूक अंगाला बसते आणि दुसऱ्यात माणूस जेलमध्ये बसू शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मागचं टोक बघू. दस्ता, म्हणजे आपण ज्याला बट म्हणतो तो लाकडी भाग, त्याची लांबी मोजतात ती चापाच्या मधोमध पासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मधोमध पर्यंत, आणि बोल्ट अ‍ॅक्शन (म्हणजे बोल्ट नावाची खिटी हाताने मागे-पुढे ओढून गोळी भरायची) हंटिंग रायफलमध्ये बहुतेक कारखाने ती साडेतेरा इंचाच्या आसपास ठेवतात. लहान मुलांसाठी किंवा ठेंगण्या माणसांसाठी जी मॉडेल्स बाहेरच्या देशांत मिळतात त्यात ती १२ ते साडेबारा इंचापर्यंत खाली येते. हे साडेतेराचं माप पाच फूट नऊ-दहा इंच उंचीचा, वर जाडजूड जॅकेट घातलेला माणूस डोळ्यासमोर ठेवून आलंय, आपल्याकडे उंची कमी पण अंगात पातळ सुती शर्ट, म्हणजे एका बाजूने माप कमी हवं आणि दुसऱ्या बाजूने जॅकेटची जाडी नसल्याने थोडं जास्त चालतं, त्यामुळे "मी बुटका म्हणून दोन इंच उडवा" असा सरळ हिशोब लागत नाही, प्रत्येकाला खांद्याला लावूनच बघावं लागतं.

दस्ता लांब असला की काय होतं ते ज्याला त्रास होतो त्याला लगेच कळेल. बंदूक खांद्याला लावताना टोक काखेत अडकतं, मग माणूस ती खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकवतो आणि बार निघाला की दंड काळानिळा. मान पुढे ताणावी लागते, डोळा स्कोपपासून, म्हणजे वरच्या दुर्बिणीपासून, लांब राहतो आणि आत पूर्ण गोल दिसायच्या ऐवजी कडेला काळी सावली येते, कारण साधारण स्कोपला डोळा तीन-चार इंचांवर लागतो, त्याच्या मागेपुढे चित्र तुटतं. पुढचा हात पूर्ण ताणला जातो आणि त्यामुळे नळीचं टोक खाली झुकल्यासारखं वाटतं. गंमत इथेच आहे, माणसाला जाणवतं ते पुढचं ओझं, तो म्हणतो "पुढनं जड आसा, नळी लांब आसा", पण मूळ दुखणं मागे असतं. मी ज्या ज्या लोकांना हे समजावून सांगितलंय त्यांतले बहुतेक जण असंच पुढे बोट दाखवतात.

दस्ता फार आखूड झाला तरी त्रास आहेच. अंगठा नाकावर आदळतो, स्कोपची कड लागून भुवई फाटते. म्हणून कापण्याआधी मोजणं महत्त्वाचं. बोल्ट उघडून, मॅगझिन काढून, चेंबरमध्ये बोट घालून रिकामी असल्याची खात्री करायची, भक्कम भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. मान न हलवता चित्र पूर्ण दिसतंय का? अंगठा आणि नाक यांच्यात दोन बोटं अंतर आहे का? हे नेहमीच्या शर्टात करा आणि पावसाळ्यात रेनकोट घालून वापरणार असाल तर रेनकोटमध्ये पण करा. कोपरात दस्ता टेकवून बोट चापाला पोचतंय का बघायची जी जुनी पद्धत आहे ती अंदाजापुरती ठीक, पण मान किती लांब आहे, छाती किती भरलेली आहे हे त्यात येत नाही.

आता पुढचं टोक. नळी आखूड केली की रायफल एकूण आखूड होते हे खरं आणि पुढचं वजन कमी होतं हे पण खरं, झाडीतून नेताना अडकत नाही हे पण मान्य. पण खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर एका दोऱ्याने पण कमी होत नाही! म्हणजे ज्या दुखण्यासाठी कापायला निघालो ते तसंच राहतं. वरून नवीन दुखणी येतात. तीस-शून्य-सहासारख्या (.३०-०६) रायफलच्या काडतुसात इंचामागे साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद वेग कमी होतो, हे एकवेळ चालेल, पण भडका वाढतो, आवाज कानाच्या जवळ येतो आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कान कायमचा खराब करू शकतो, हंटिंग रायफलचा आवाज आधीच त्याच्या बराच वर असतो. ज्यांच्या रायफलला स्कोप नाही त्यांचं अजून एक, पुढची माशी नळीच्या टोकाशी बसवलेली असते, ती गेली की परत मागे बसवावी लागते, मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर घटतं आणि नेम धरताना तेवढीच चूक निशाण्यावर जास्त मोठी होऊन पडते. आणि नळीचं तोंड, जिथून गोळी शेवटचा स्पर्श सोडते, तिथली कड सगळीकडून एकसारखी नसेल तर गोळीच्या मागचा गॅस एका बाजूने आधी सुटतो आणि चांगली रायफल पण वाकडी मारायला लागते.

कोयतीची मूठ हातात बसत नसेल तर आपण मूठ तासून घेतो, पातं कोणी तोडत नाही, एवढंच इथे लक्षात ठेवा.

कायद्याचं तर एकदम स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ६ सांगतं की त्यासाठीचा वेगळा परवाना असल्याशिवाय कोणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. तुमच्याकडे बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणजे नळी कापायचा आहे असं अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आपल्याकडे एक गैरसमज फार फिरतो, "२० इंचापर्यंत चालतं". तो आकडा आला कुठून तर त्याच कायद्याच्या कलम १३ मधून, तिथे परवाना कसल्या बंदुकीला द्यायचा ते सांगताना २० इंचापेक्षा कमी नळी नसलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि शेती संरक्षणासाठी ठासणीची बंदूक असा उल्लेख आहे. ती परवाना देण्याची अट आहे, कापायची सूट नाही. तीस इंचाची नळी अठ्ठावीसची केली तरी कलम ६ लागतंच, त्यात किती इंच उरली हा प्रश्नच येत नाही. गावात कोणी वेल्डिंगवाला "दहा मिनटात करून देतंय" म्हणाला तर त्याला पण वाचवा आणि स्वतःला पण.

लोकांच्या डोक्यात हे भरतं कुठून तर व्हिडिओ बघून. अमेरिकेत रायफलची नळी १६ इंचांपर्यंत आखूड असायला तिथल्या केंद्रीय कायद्याची हरकत नाही, त्याखाली गेलं की वेगळी नोंदणी लागते, म्हणून तिथले लोक गॅरेजमध्ये साडेसोळा इंचांवर नळी कापून घेतात आणि कॅमेऱ्यासमोर दाखवतात. त्यांचं त्यांच्या कायद्यात बसतं. ते बघून सावंतवाडीत कोणी हॅक्सॉ उचलला तर त्याला तो व्हिडिओ कोर्टात दाखवून काहीही उपयोग नाही.

नळी आखूड करण्यात काहीच फायदा नसता तर लष्करांनी ते केलंच नसतं, हे पण सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड या आपल्या लष्करी रायफलची आखूड जंगल कार्बाइन काढली, नंबर ५, तिची नळी २५ इंचांवरून पावणेएकोणीसच्या आसपास आणली आणि वजन सव्वातीन किलोच्या आत. जंगलात वागवायला सोपी होती पण धक्का इतका वाढला की मागे रबरी पॅड लावावं लागलं, भडका दिसू नये म्हणून पुढे नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर आला, आणि नेम आपोआप सरकतो अशी ओरड झाली ती वेगळी, १९४७ मध्ये उत्पादन बंद झालं. आख्ख्या कारखान्याने, इंजिनिअर लावून केलेल्या कामाची ही कथा, गल्लीतल्या लेथवर काय होणार?

आणि त्याच ली-एनफिल्डमध्ये सैनिकाच्या उंचीचा प्रश्न कसा सोडवला होता ते बघा, मला ही गोष्ट फार आवडते. नळी सगळ्यांना एकच, पण दस्ते वेगवेगळ्या मापाचे, नॉर्मल, त्याहून अर्धा इंच मोठा लाँग, अर्धा इंच लहान शॉर्ट आणि पूर्ण एक इंच लहान बँटम, आणि दस्त्यावर अक्षराचा शिक्का. ठेंगणा शिपाई आला की दस्ता बदलायचा, बाकी रायफल तीच. आपल्या सरकारी कारखान्याची ती ओळखीची .३१५ स्पोर्टिंग रायफल, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरची, ती याच ली-एनफिल्डच्या घराण्यातली, दस्ता वेगळा आणि पुढचं लाकूड वेगळं. म्हणजे अंगाला बसवायची सोय जन्मापासूनच मागच्या बाजूला आहे.

घाटावर कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, ४५१.४ गुणांनी. त्या प्रकारातली रायफल म्हणजे .२२ ची, एकेक गोळी भरायची. तसल्या रायफलचा फोटो नीट बघा, मागची प्लेट वर-खाली, मागे-पुढे, तिरकी होते, गालाची पट्टी वर-खाली होते. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, प्रत्येक वेळी अंगाची ठेवण बदलते आणि जुळवाजुळव होते ती सगळी चापाच्या मागे, नळीला कोणी हात लावत नाही.

मग करायचं काय? आधी जे काढता-घालता येतं ते करा. दस्त्याच्या टोकाला पॅड असेल तर त्याची जाडी बघा, बऱ्याच वेळा कोणीतरी पूर्वी लाकूड न घटवता एक इंचाचं रबर वर चढवलेलं असतं आणि तोच एक इंच तुम्हाला त्रास देतोय. स्लिप-ऑन रबरी टोपीचं पण तेच, धक्का कमी होतो पण लांबी वाढते, त्यामुळे ज्याला आधीच लांब पडतेय त्याने ती घालू नये. पातळ पॅडने भागलं तर लाकूड कापायची गरजच नाही. नाही भागलं तर लाकूड घटवायचं, पण परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच, सावंतवाडीचे सुतार लाकडात कितीही तरबेज असले तरी बंदूक त्यांच्या दुकानात ठेवून येणं म्हणजे दोघांनाही अडचण. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. टोकाचा मूळ तिरकेपणा तसाच राहिला पाहिजे, सरळ कापला तर खालचं टोक छातीत रुततं. आणि एका वेळी पाव-अर्धा इंचच, मग लावून बघायचं, मग पुढे. जुन्या एसएमएलई (म्हणजे आखूड ली-एनफिल्ड) पद्धतीच्या रायफलीत दस्ता काढताना पुढचं लाकूड आधी उतरवावं लागतं, कारण दस्ता धरून ठेवणाऱ्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, तसाच फिरवला तर पुढचं लाकूड फुटतं. दुरुस्तीवाल्याला हे माहीत आहे का ते सहज गप्पांमध्ये विचारून घ्या.

कोकणात अजून एक काळजी. लाकूड कापलं की त्याचे रेषे तोंड उघडून बसतात आणि आपल्या जून-जुलैच्या दमटपणात तिथून पाणी आत ओढलं जातं, दस्ता फुगतो, पॅडचे स्क्रू गंजतात, वर्षा-दोन वर्षांत चीर जाते. कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल पुन्हा पुन्हा पाजून किंवा वॉर्निशने पूर्ण बंद करून मगच पॅड बसवायचं. पावसाळ्यानंतर नेम सरकला तर आधी पुढचं लाकूड फुगून नळीला टेकतंय का बघा, कागदाची पट्टी मधून सरकवून, उगाच स्कोपला शिव्या देऊ नका.

आणि ज्यांचा प्रश्न खरोखर फक्त नेण्या-आणण्याचा आहे, जीपमध्ये, बागेच्या पायवाटेवर, करवंदीच्या जाळीत अडकते वगैरे, त्यांनी चांगला रुंद पट्टा लावावा, बोल्ट काढून कव्हरमध्ये न्यावी, बस झालं. तसंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकार बंद आहे, रानडुकराने भातशेती उद्ध्वस्त केली तरी कलम ११ खाली अधिकाऱ्याचा लेखी आदेश हातात असल्याशिवाय बार काढता येत नाही, त्यामुळे झाडीत रायफल घेऊन पळायची वेळ कायदेशीर माणसावर येतच नाही, रेंजवर उभं राहून नीट मारता येणं हेच कामाचं.

दस्त्याचा कापलेला तुकडा मात्र फेकू नका, मागे नंबर लिहून ठेवा. उद्या परवाना मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर झाला आणि ती तुमच्यापेक्षा चार इंच उंच निघाली तर तोच तुकडा मधे घालून लांबी परत आणता येते, रंग आणि रेषे जुळलेले.