स्लॅबवर थर किती इंचांचा?

अकोल्याला माझ्या मावसभावाचं एकमजली घर आहे. वर पाच इंची स्लॅब आणि त्याच्यावर काहीच नाही. मे महिन्यात रात्री अकराला पंखा लावला तरी छतालगतची तापलेली हवाच अंगावर येते. गच्चीवर एक्सपीएसच्या शीट अंथरून वर काँक्रीटचा पातळ थर घ्यायचं त्याने ठरवलं. एक्सपीएस म्हणजे थर्माकोलचाच टणक, पाणी न पिणारा भाऊ. ठेकेदार म्हणाला, "चार इंच टाका, जितकं जाड तितकं थंड." दादाने फोन करून मला विचारलं, "खरंच चार इंच लागतात का रे?"

याचं उत्तर शाळेत शिकलेल्या विजेच्या रोधात आहे. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते, तशीच छतातून येणाऱ्या उष्णतेच्या वाटेतल्या थरांचीही होते. थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागायची, की त्याचा उष्णतारोध मिळतो. उष्णतेच्या वहनाचा हा नियम फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली मांडला. काँक्रीटची वाहकता साधारण १.५८, म्हणून पाच इंची स्लॅबचा रोध जेमतेम ०.०८. खालच्या प्लास्टरचे ०.०२ धरा. याशिवाय छताच्या वर आणि खाली चिकटून राहणाऱ्या हवेच्या पातळ थरांचे सुमारे ०.२. एकूण झाले ०.३. म्हणजे उघड्या स्लॅबच्या घरात ऊन अडवण्याचं बहुतेक काम काँक्रीट करतच नाही, हवा करते!

आता मे महिन्याची दुपार घेऊ. उन्हाचा मारा हिशेबात धरला तर गच्चीला बाहेरचं तापमान ६२ अंश असल्यासारखं जाणवतं, आणि खोलीत आपल्याला ३२ हवं आहे. फरक ३० अंशांचा. ३० भागिले ०.३, म्हणजे दर चौरस मीटरला १०० वॅट उष्णता आत. दहा बाय बाराच्या खोलीत हे अकराशे वॅटच्या घरात जातं. छताला इस्त्री उलटी टांगून चालू ठेवल्यासारखंच.

एक्सपीएसची वाहकता ०.०३, म्हणून एका इंचाचा रोध ०.८३. पहिला इंच टाकला की एकूण रोध १.१३ होतो आणि १०० वॅटचे २७ उरतात. दुसऱ्या इंचाने १५, तिसऱ्याने ११, चौथ्याने ८. पहिल्या इंचाने ७३ वॅट वाचवले, दुसऱ्याने १२, तिसऱ्याने ४ आणि चौथ्याने फक्त ३. प्रत्येक इंचाची किंमत जवळपास सारखीच, काम मात्र असं घसरत जातं. कारण रोध छेदात बसलेला आहे. छेद लहान असताना त्यात थोडी भर पडली तरी भागाकार कोसळतो; छेद मोठा झाला की तेवढीच भर घातली तरी फारसं काही हलत नाही. हा आलेख मी कितीतरी वेळा काढला आहे, आणि पहिल्या इंचाची ती उभी घसरण पाहून दर वेळी तितकाच आनंद होतो.

केंद्र सरकारच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, म्हणजे घरांसाठीच्या इको निवास संहितेने, २०१८ साली छतातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा ठरवली, दर चौरस मीटरला दर अंशाला जास्तीत जास्त १.२ वॅट. दादाच्या उघड्या स्लॅबचा आकडा ३.३. तो १.२ वर आणायला एक्सपीएस लागतं १६ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचही नाही.

पण हा सगळा हिशेब स्थिर प्रवाहाचा झाला, आणि सूर्य काही स्थिर नसतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला २९० किलोच्या आसपास. उष्णतेची लाट त्यातून खाली पोचायला तीनेक तास घेते, आणि तापलेला स्लॅब १० अंशांनी निवायला दर चौरस मीटरमागे विजेच्या सुमारे ०.७ युनिटएवढी उष्णता बाहेर टाकतो. त्यातली काही आकाशाकडे जाते, बाकीची खाली झोपलेल्या माणसाकडे. रात्री अकराची गरम हवा येते ती इथून. म्हणून शीट स्लॅबच्या वर हवी. वर असली की स्लॅब तापतच नाही, रोजच्या प्रसरण-आकुंचनाने त्याला तडेही कमी जातात. खाली फॉल्स सीलिंगमध्ये शीट घातली तर खोली वाचते, स्लॅब मात्र भाजत राहतो.

'एक मिलिमीटर रंग म्हणजे दोन इंच थर्माकोल' अशा जाहिराती सध्या फिरताहेत. हे होऊच शकत नाही. त्यासाठी त्या रंगाची वाहकता स्थिर हवेच्याही ४० पट कमी असायला हवी. पांढऱ्या रंगाने गच्ची खरोखर थंड राहते, पण ती ऊन परतवून लावल्यामुळे; साधा चुनाही ते काम करतो, फक्त धूळ बसली की धुवावा लागतो. आणि विदर्भातली जुनी धाब्याची घरं थंड असायची यातही मातीची जादू नव्हती. छतावर फूटभर माती होती, म्हणजे जाडी होती आणि वजन होतं.

जाडीपेक्षा मला काळजी वाटते ती फटींची. दोन इंचांच्या थरात पाइपांभोवती, कठड्याच्या कडेला, शीटच्या सांध्यांत मिळून पाच टक्के जागा उघडी राहिली, तर त्या जागेतून १०० वॅटच्याच दराने उष्णता येते, आणि सरासरी १५ वरून १९ वर जाते. तिसऱ्या इंचाने जेवढे वाचले असते तेवढे फटींनी घालवले.

दादाने शेवटी एक-एक इंचाचे दोन थर घेतले, खालच्या शीटच्या सांध्यावर वरच्या शीटचा मध्य येईल असे. उरलेल्या दोन इंचांच्या पैशांत पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढायचं ठरलंय.