अमेरिकेतल्या शाळेत आयईपीसाठी अर्ज: 'थोडं थांबा' म्हणतात तेव्हा काय करायचं

मंडळाच्या ग्रुपवर दरवर्षी हाच मेसेज येतो. मुलगा वर्गात मागे पडतोय, टीचरला सप्टेंबरमध्येच सांगितलं, त्या म्हणाल्या बघू, मग काउन्सेलर म्हणाला अजून इंग्लिश शिकतोय ना, थोडं थांबा, आणि आता फेब्रुवारी उजाडला तरी कागद हललेला नाही. हलणार कसा, आयईपीचा (म्हणजे अडचण असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी आखलेली खास शिक्षणाची योजना) अर्जच झालेला नाही! तोंडी सांगणं म्हणजे अर्ज नव्हे, भले टीचर कितीही गोड बोलू दे.

पात्रता थोडक्यात सांगते. कायदा आयडीईए, अपंग मुलांच्या शिक्षणाचा फेडरल कायदा, मूळचा १९७५ चा. वय ३ ते २१, कायद्यात दिलेल्या १३ प्रकारांपैकी एखादी अडचण हवी, आणि त्या अडचणीमुळे मुलाला खास शिकवण्याची गरज आहे हेही दिसायला हवं. दोन्ही लागतं. म्हणून डॉक्टरने ऑटिझम लिहून दिलं की आयईपी मिळालाच असं नाही, आणि डॉक्टरचा कागद नाही म्हणून अर्ज करता येत नाही असंही नाही. भारतातून यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड किंवा सिव्हिल हॉस्पिटलचं टक्केवारीचं सर्टिफिकेट आणलं असेल तर जोडा, जुनी नोंद म्हणून उपयोग होतो, पण इथे ४० टक्के वगैरे कोणी विचारत नाही. तीन वर्षांखालचं बाळ असेल तर शाळेत जाऊच नका, त्यासाठी राज्याचा अर्ली इंटरव्हेन्शन प्रोग्राम वेगळा असतो.

आता अर्ज. फॉर्म शोधत बसू नका, साधी ईमेल चालते, पण ती नुसती टीचरला नको, प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) स्पेशल एज्युकेशन ऑफिसला, न्यू जर्सीत असाल तर चाइल्ड स्टडी टीमला (मुलांची तपासणी करणारी डिस्ट्रिक्टची टीम). त्यात 'मदत हवी आहे', 'काळजी वाटते' असलं लिहून भागत नाही. 'माझ्या मुलाचं स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण इव्हॅल्युएशन करावं ही लेखी विनंती' हे वाक्य स्पष्ट हवं (इव्हॅल्युएशन म्हणजे पात्रता ठरवायला शाळेने करायची तपासणी), तारीख हवी, आणि कुठल्या कुठल्या बाबतीत शंका आहे (वाचन, बोलणं, लक्ष, वागणूक) ते हवं. जे लिहिलं नाही ते तपासतील अशी आशा ठेवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ ६० दिवसांचा. लोक ईमेल टाकतात आणि कॅलेंडरवर ६० मोजायला लागतात. फेडरल नियमातले ६० दिवस तुम्ही कन्सेंट फॉर्मवर (तपासणीला तुमची लेखी संमती) सही केल्यापासून सुरू होतात, अर्जापासून नाही, आणि राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती चालते. न्यू जर्सीत अर्ज पोचल्यावर २० दिवसांत मीटिंग आणि कन्सेंटनंतर ९० दिवसांत इव्हॅल्युएशन होऊन, मूल पात्र ठरलं तर आयईपी लागूसुद्धा. टेक्सासात कन्सेंटनंतर ४५ दिवस, पण ते शाळेचे दिवस, शनिवार-रविवार सोडून. कॅलिफोर्नियात आधी १५ दिवसांत असेसमेंट प्लॅन हातात येतो, मग सहीनंतर ६० दिवस, मोठ्या सुट्ट्या वगळून. म्हणजे टेक्सासातल्या डॅलसच्या मावशीने सांगितलेली तारीख न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये उपयोगाची नाही. कन्सेंट फॉर्म आला की त्याच दिवशी सही करून पाठवा, 'ह्यांना विकेंडला दाखवते' करत तो फॉर्म दप्तरात राहतो आणि तेवढे दिवस आपलेच जातात.

शाळेची उत्तरं ठरलेली असतात. एक, 'आधी इंटरव्हेन्शन (वर्गात जादा मदत) करून बघू.' करा की, पण त्या नावाखाली इव्हॅल्युएशन लांबवता येत नाही, हे फेडरल शिक्षण खात्याने २०११ मध्येच राज्यांना लेखी कळवलंय. दोन, 'डॉक्टरचं निदान घेऊन या.' मेडिकल तपासणी खरंच लागणार असेल तर ती डिस्ट्रिक्टने करायची, तुमच्या खिशातून नाही. तीन, 'इंग्लिश आलं की सुधारेल.' याच्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं.

१९७० साली कॅलिफोर्नियात डायना नावाने ओळखला जाणारा खटला झाला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्लिशमधून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं, आणि स्पॅनिशमधून परत चाचणी घेतल्यावर त्यातली बहुतेक त्या वर्गातली नव्हतीच. नंतर लॅरी पी. खटल्यात, १९७९ मध्ये, काळ्या मुलांना आयक्यू टेस्टच्या जोरावर तसल्या वर्गात टाकणं कोर्टाने थांबवलं. आज कायदा म्हणतो की चाचणी वांशिक किंवा सांस्कृतिक भेदभाव करणारी नको, मुलाच्या भाषेत हवी, आणि केवळ इंग्लिश कच्चं म्हणून मुलाला अपंगत्वाचा शिक्का मारता येत नाही. हे सगळं त्या लोकांच्या भांडणातून आलंय, आणि आपण त्याचा फायदा घेतो तेव्हा ते लक्षात असावं. काळ्या मुलांचा त्रास संपलेलाही नाही, म्हणून तर राज्यांना दरवर्षी स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांचे डिस्ट्रिक्टवार आकडे वंशानुसार तपासावे लागतात आणि फारच तफावत सापडली तर डिस्ट्रिक्टला फेडरल निधीतले १५ टक्के मुलांना आधीच मदत करण्यासाठी बाजूला काढावे लागतात. (हे कारण सांगून तुमच्या एका मुलाचा अर्ज नाकारता येत नाही, तेही कानावर असू द्या.)

आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं. सरकारी आकड्यांत २०२१-२२ ला एकूण साधारण १५ टक्के मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये होती, काळी मुलं १७ च्या आसपास, आणि एशियन ८ च्या जवळपास. काही खरंच गरज कमी असेलही, पण 'इंडियन मुलं हुशारच असतात' हे ऐकून गप्प घरी आलेले आईबाप मी भरपूर बघितलेत. आणि खरं सांगायचं तर 'लोक काय म्हणतील' हा आपला हिस्साही त्यात आहेच.

आता तो कागद जो सगळ्यांना नडतो. शाळेत नाव घालताना होम लँग्वेज सर्व्हे भरून घेतात. ईएसएलमध्ये (इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात) टाकतील या भीतीने घरी अख्खा दिवस मराठी चालत असताना लोक 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. दोन वर्षांनी इव्हॅल्युएशन इंग्लिशमधून होतं, चित्रातला झाडू बघून मुलगा 'केरसुणी' म्हणतो आणि कागदावर शून्य पडतं. तेव्हा आधी सर्व्हे लेखी दुरुस्त करून घ्या आणि अर्जातच लिहा की मूल मराठी बोलतं. शाळेच्या लिस्टमध्ये हिंदी असते आणि हिंदीचा दुभाषी पाठवून देतात, तो नको असेल तर तसं स्पष्ट कळवा. मराठीतून प्रमाणित केलेल्या टेस्ट शाळेकडे सहसा नसतातच, म्हणून दुभाषी, मुलाच्या बोलण्याचा नमुना आणि लहानपणापासूनची माहिती मागा. पहिला शब्द कधी, वाक्य कधी, आजीशी फोनवर कसं बोलतो, दोन्ही भाषांत अडखळतो का. मराठीतही अडखळत असेल तर प्रश्न नुसता इंग्लिशचा नाही, हा मुद्दा सगळ्यात जड पडतो. आणि कोणी 'घरी मराठी बंद करा' म्हटलं तर ऐकू नका, दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही.

बाकी कागद नेहमीचे: वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद, जुनी प्रगतीपुस्तकं, वह्यांची चार पानं. व्हिसा कोणता ते यात येत नाही, एच-४ (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांनी घाबरायचं कारण नाही.

मीटिंगमध्ये दुभाषी मागितला तर शाळेने द्यायचा, मुलाच्या ताईला दुभाषी करून बसवू नका. न्यू जर्सीत इव्हॅल्युएशनचे रिपोर्ट पात्रतेच्या मीटिंगच्या निदान १० दिवस आधी मिळायला हवेत, नाही मिळाले तर विचारा. हजेरीची सही आणि मंजुरीची सही वेगळी, कुठे करताय ते वाचा. पहिला आयईपी तुमच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू होत नाही, पण न्यू जर्सीत पुढच्या वर्षीचा आयईपी तुम्ही सही न करता नुसता ठेवून दिला तर १५ दिवसांनी लागू होतो. 'आम्ही सही केलीच नव्हती' हे तिथे चालत नाही, हरकत असेल तर त्याच १५ दिवसांत मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (कायदेशीर सुनावणी) मागायचं.

नकार आला तर तो कारणासकट लेखी मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. आयईपी नाही पण अडचण आहे अशा मुलांना ५०४ प्लॅन (वर्गातल्या सवलतींची लेखी योजना) मिळू शकतो. राज्याकडे तक्रार एका वर्षाच्या आत करायची, ड्यू प्रोसेसला बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. शाळेचं इव्हॅल्युएशन पटलं नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून डिस्ट्रिक्टच्या खर्चाने करून मागता येतं, मग त्यांना एकतर पैसे भरावे लागतात नाहीतर आपलं इव्हॅल्युएशन बरोबर होतं हे सुनावणीत सिद्ध करावं लागतं. फक्त आधी लेखी मागा. आधी स्वतः हजारो डॉलर भरून मग बिल पाठवणारे बरेच जण आहेत, त्यांचं बिल डिस्ट्रिक्ट सहजासहजी भरत नाही.